पाच तारखांपैकी धरायची कोणती?

प्रश्न : माझं हे पहिलंच बाळंतपण. शेवटची पाळी १० जानेवारीला आली होती. पाळी नियमित आहे, पण दर ३४ दिवसांनी येते. मोबाइलवरच्या ॲपने प्रसूतीची तारीख १७ ऑक्टोबर दिली. १८ मार्चला पहिली सोनोग्राफी झाली, तिच्यात बाळाची लांबी १९ मि.मी., वय ८ आठवडे ३ दिवस आणि तारीख २५ ऑक्टोबर असं लिहिलंय. १० जूनच्या सोनोग्राफीत २१ ऑक्टोबर आली. आता ३० ऑगस्टच्या रिपोर्टवर ४ नोव्हेंबर! सासूबाई नऊ महिने नऊ दिवस मोजून १९ ऑक्टोबर म्हणतात. दवाखान्यात विचारलं तर ‘थोडंफार मागेपुढे होतंच’ एवढंच उत्तर मिळालं. यातली खरी तारीख कोणती? आणि ती सारखी बदलते म्हणजे बाळाला काही झालंय का? शेवटच्या रिपोर्टपासून रात्रीची झोप उडाली आहे.

उत्तर : ताई, तुमची तारीख २५ ऑक्टोबर. मार्चमध्ये ठरली तीच, आणि ती आता बदलायची नाही. बाकीच्या चार तारखा कुठून आल्या ते एकदा कळलं की निम्मी काळजी तिथेच संपेल. उरलेली निम्मी मात्र संपवायची नाही, कारण ३० ऑगस्टच्या रिपोर्टमध्ये खरोखर विचारण्यासारखी एक गोष्ट आहे. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी ॲपची तारीख. ॲपने वापरलेला हिशेब जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले (१७७८–१८५१) यांच्या नावाने ओळखला जातो. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ७ दिवस मिळवायचे आणि तीन महिने मागे यायचं, की पुढची येणारी ती तारीख. १० जानेवारी अधिक ७ म्हणजे १७ जानेवारी, तीन महिने मागे म्हणजे १७ ऑक्टोबर. एकूण दिवस २८०, म्हणजे बरोबर ४० आठवडे. सासूबाईंचे नऊ महिने नऊ दिवसही याच्या अगदी शेजारी जातात, फरक दोनच दिवसांचा. त्यांचं मोजणं चुकीचं नाही. पण दोन्ही हिशेबांत एक गोष्ट न सांगता धरलेली आहे : पाळी २८ दिवसांची असणार आणि बीज चौदाव्या दिवशी बाहेर पडणार.

तुमची पाळी ३४ दिवसांची. बीज बाहेर पडल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ बहुतेक बायकांमध्ये १४ दिवसांच्या आसपास असतो. लांबतो किंवा आखडतो तो पाळीचा आधीचा भाग. म्हणजे तुमचं बीज चौदाव्या नव्हे, तर साधारण विसाव्या दिवशी बाहेर पडलं असणार. दिवस सहा दिवस उशिरा गेले, तर तारीखही सहा दिवस पुढे जाईल : १७ अधिक ६, म्हणजे २३ ऑक्टोबर. आता मार्चच्या सोनोग्राफीची तारीख बघा, २५ ऑक्टोबर. एक हिशेब पाळीवरून, दुसरा बाळाच्या मापावरून. दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र, तरी त्यांच्यात फरक फक्त दोन दिवसांचा. तारखेवर विश्वास ठेवायला याहून चांगला पुरावा सहसा मिळत नाही.

मग २३ न धरता २५ का? कारण बीज विसाव्या दिवशी बाहेर पडलं हा आपला अंदाज आहे, आणि १९ मि.मी. हे बाळाचं माप आहे. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळं जवळजवळ एकाच गतीने वाढतात. आईबाप उंच असोत की ठेंगणे, आईचं खाणंपिणं कसंही असो, आठव्या-नवव्या आठवड्यात बाळ रोज सुमारे एक मिलिमीटर वाढतं. त्यामुळे लांबी मोजली की वय कळतं, आणि चूक झाली तरी पाच ते सात दिवसांच्या आत राहते.

हे माप कसं घेतात तेही जाणून घ्या, म्हणजे कुठला रिपोर्ट किती भरवशाचा हे तुमचं तुम्हाला कळेल. रिपोर्टवर त्याला सी.आर.एल. म्हणतात. डोक्याच्या वरच्या टोकापासून बुडाच्या टोकापर्यंत एक सरळ रेघ, हातपाय सोडून. बाळ आडवं, पूर्ण लांबीत दिसत असताना पडदा थांबवायचा आणि दोन टोकांवर खुणा ठेवायच्या. शेजारी योक सॅकचं, म्हणजे सुरुवातीला बाळाला पोषण देणाऱ्या पिशवीचं, छोटं गोल वर्तुळ दिसतं, ते चुकून मापात आलं की बाळ मोठं निघतं. बाराव्या आठवड्याच्या सुमाराला बाळ हनुवटी छातीला लावून मुटकुळं करतं तेव्हा माप कमी येतं, मान मागे टाकून ताणलं तर जास्त. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे सोनोग्राफीतज्ज्ञ तीनदा मोजून सरासरी घेतात. लांबी ८४ मि.मी.च्या पुढे गेली, म्हणजे १४ आठवडे उलटले, की हे माप तारखेसाठी वापरत नाहीत. आणि अगदी लवकर, बाळ दिसायच्या आधी, नुसत्या बाळाभोवतीच्या पिशवीच्या आकारावरून काढलेली तारीखही पक्की धरायची नसते. बाळ दिसू लागल्यावर पुन्हा मोजायचं.

आता नियम. पाळीवरून आलेली तारीख आणि सोनोग्राफीची तारीख यांत थोडाच फरक असेल तर पाळीची तारीख ठेवतात. फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तरच सोनोग्राफीची घेतात. पाळीप्रमाणे ८ आठवडे ६ दिवसांपर्यंत ही मर्यादा ५ दिवसांची आहे, ९ ते जवळजवळ १६ आठवड्यांपर्यंत ७ दिवसांची. १६ ते २२ आठवड्यांत १० दिवस, २२ ते २८ मध्ये १४ दिवस, आणि २८ आठवड्यांनंतर २१ दिवस. १८ मार्चला पाळीप्रमाणे तुम्हाला ९ आठवडे ४ दिवस झाले होते, सोनोग्राफीने ८ आठवडे ३ दिवस सांगितले. फरक ८ दिवसांचा, म्हणजे सातपेक्षा जास्त. त्या दिवशी तारीख १७ वरून २५ ऑक्टोबरला नेणं नियमात बसतं. हा बदल एकदाच करायचा असतो आणि तो तुमच्या बाबतीत होऊन गेला आहे.

मग जून आणि ऑगस्टच्या रिपोर्टवर नव्या तारखा का छापून आल्या? कारण मशीनला मार्चची सोनोग्राफी माहीतच नसते. दर वेळी ते बाळाच्या डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी घेतं. या मापांचं सरासरी बाळ किती आठवड्यांचं असतं हे त्यात भरलेल्या तक्त्यात बघतं, आणि त्या दिवसापासून ४० आठवडे पूर्ण व्हायला किती दिवस उरले ते मोजून एक तारीख छापतं. पाचव्या महिन्यानंतर ही छापील तारीख बाळाचा आकार सांगते, वय नाही. बाळ सरासरीपेक्षा जरा मोठं असलं की तारीख अलीकडे सरकते, लहान असलं की पलीकडे. पहिलीतल्या मुलाची उंची मोजून कुणी त्याची जन्मतारीख बदलत नाही, तसंच हे.

१० जूनला २५ ऑक्टोबरप्रमाणे तुमचे २० आठवडे ३ दिवस झाले होते आणि बाळ मापात २१ आठवड्यांचं भरलं. चार दिवस पुढे. त्या वयात दहा दिवसांपर्यंतचा फरक चालतो, तेव्हा ते छान वाढत होतं एवढाच त्याचा अर्थ.

३० ऑगस्टचा रिपोर्ट हातात घ्या आणि वरच्या ओळी पुन्हा वाचा. शेवटच्या पाळीच्या रकान्यात बहुधा १० जानेवारीच टाइप केलेलं असेल आणि शेजारी पाळीप्रमाणे वय ३३ आठवडे १ दिवस असेल. खाली सोनोग्राफीप्रमाणे वय ३० आठवडे ४ दिवस. हा १८ दिवसांचा फरक बघूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल, आणि कुणाच्याही येईल. पण त्यातले ८ दिवस उशिरा बीज बाहेर पडण्याचे आहेत. ते मार्चमध्येच कळले होते. २५ ऑक्टोबरप्रमाणे त्या दिवशी बरोबर ३२ आठवडे झाले होते. म्हणजे खरा फरक १० दिवसांचा. या वयात २१ दिवसांपर्यंत फरक पडला तरी तारीख हलवत नाहीत, आणि आधी पक्की केलेली असेल तर त्याहून जास्त पडला तरी हलवत नाहीत.

तरी हे १० दिवस ‘होतंच’ म्हणून सोडून देऊ नका. तारीख नोव्हेंबरला ढकलली तर कागदावर बाळ एकदम वयाप्रमाणे दिसायला लागेल, आणि ते खरंच कमी वाढत असेल तर ती गोष्ट झाकली जाईल. शेवटच्या महिन्यांत तारीख बदलण्यातला सगळ्यात मोठा धोका हाच. त्यामुळे डॉक्टरांना पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

पहिला : २५ ऑक्टोबर धरून बाळाच्या अंदाजे वजनाचा पर्सेंटाइल, म्हणजे त्याच वयाच्या शंभर बाळांत हलक्याकडून मोजत गेलं तर त्याचा नंबर, किती येतो? रिपोर्टमधला आकडा १० जानेवारीच्या पाळीवरून काढला असेल तर तो विनाकारण कमी दिसत असणार. ३३ आठवडे १ दिवसाच्या बाळांशी तुमच्या ३२ आठवड्यांच्या बाळाची तुलना झालेली असेल. तारीख दुरुस्त करून आकडा पुन्हा काढायला दोन मिनिटं लागतात. तो १० पर्सेंटाइलच्या खाली आला तर बाळ वयाच्या मानाने लहान धरतात आणि पुढच्या तपासण्या लागतात. वर आला तर बहुतेक वेळा बाळाची चणच लहान असते. सोनोग्राफीने काढलेल्या वजनात दहा-पंधरा टक्के मागेपुढे होतं, हेही ध्यानात असू द्या.

दुसरा प्रश्न : चार मापांपैकी मागे कोणतं आहे? सगळी सारखी मागे असतील तर एक गोष्ट, एकच मागे असेल तर दुसरी. नुसती डोक्याची रुंदी कमी असेल आणि बाळ पायाळू बसलेलं असेल, तर डोकं लांबट झाल्यामुळे रुंदी कमी भरते. घेर ठीक असला की काळजी नाही. नुसतं मांडीचं हाड आखूड आणि घरात सगळे बेताच्या उंचीचे असतील तर ते बहुधा घरातूनच आलेलं असतं. पोटाचा घेर मागे असेल आणि डोकं वेळेवर असेल, तर मात्र नीट लक्ष द्यायचं. पोटाच्या घेरात मोठा वाटा यकृताचा असतो. वारेतून पोषण कमी पडू लागलं की बाळ आधी यकृतातला साठा वापरतं आणि मेंदूकडचा पुरवठा राखतं, म्हणून पोट आधी मागे पडतं.

तिसरा : डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी) केलं का, आणि नाळेतला रक्तप्रवाह कसा आहे? बाळ लहान असेल पण प्रवाह चांगला, बाळाभोवतीचं पाणी पुरेसं आणि हालचाल नेहमीसारखी असेल, तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा मोजून वाढीचा वेग बघतात. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा मोजण्यात अर्थ नसतो. मापातली चूक आणि खरी वाढ सारख्याच आकाराची असल्यामुळे काही कळत नाही.

तारखेचा एवढा कीस का काढायचा, असं घरात कुणी म्हणेल. म्हणून तुमच्याच तारखांवर करून दाखवतो. २५ ऑक्टोबर धरली की ३४ आठवडे १३ सप्टेंबरला पूर्ण होतात, ३७ आठवडे ४ ऑक्टोबरला, ३९ आठवडे १८ ऑक्टोबरला, ४१ आठवडे १ नोव्हेंबरला आणि ४२ आठवडे ८ नोव्हेंबरला. समजा काही कारणाने आधीच ठरवून सिझेरियन करायचं झालं आणि कुणी १७ ऑक्टोबर धरून ‘३९ आठवडे झाले’ म्हणून १० तारीख दिली, तर बाळ खरं तर ३७ आठवडे ६ दिवसांचंच असेल. कळा न येता इतक्या लवकर काढलेल्या बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो. उलट, ४ नोव्हेंबर धरून कळांची वाट बघत बसलात, तर ‘४१ आठवडे’ ११ नोव्हेंबरला होतील. त्या दिवशी खरे ४२ आठवडे ३ दिवस झालेले असतील. ४२ नंतर वार थकत जाते, पाणी कमी होतं, बाळ पोटातच शी करण्याचं प्रमाण वाढतं आणि बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी ४१ आठवडे झाले की कळा आणायच्या औषधांबद्दल बोलणं सुरू करतात. चार-दोन दिवसांच्या चुकीने काही बिघडत नाही. दोन-तीन आठवड्यांची चूक मात्र निर्णय चुकवते.

आणखी एक. २५ ऑक्टोबर ही रेल्वेच्या वेळापत्रकातली वेळ नव्हे. नेमक्या दिलेल्या दिवशी जेमतेम चार-पाच टक्के बाळं जन्मतात. ३७ पूर्ण झाल्यापासून ४२ होईपर्यंत केव्हाही कळा सुरू होऊ शकतात आणि पहिलटकरणीचे दिवस थोडे पुढे जाण्याकडेच कल असतो. त्यामुळे मदतीला येणाऱ्या माणसाला २५ तारखेचं तिकीट काढायला सांगू नका. ४ ऑक्टोबरपर्यंत बॅग भरलेली असू द्या, आणि सोबत राहणाऱ्याला नोव्हेंबरचा पहिला आठवडा संपेपर्यंत मोकळं राहायला सांगा.

हे वाचणाऱ्या ज्यांची गोष्ट तुमच्याहून वेगळी आहे, त्यांच्यासाठी थोडं. पाळीची तारीख सांगताना पहिला दिवस सांगायचा. अनेकजणी पाळी संपल्याचा दिवस सांगतात आणि चार-पाच दिवस तिथेच चुकतात. नेहमीपेक्षा फारच कमी, दीड-दोन दिवसांचंच रक्त गेलं असेल तर ती पाळी नसून दिवस गेल्यावर होणारा रक्तस्राव असू शकतो. मग बाळ हिशेबापेक्षा चार आठवड्यांनी मोठं निघतं. त्याआधीची पाळी कधी होती तेही सांगा. गर्भनिरोधक गोळ्या नुकत्या थांबवल्या असतील, बाळ अंगावर पीत असताना पाळी न येताच दिवस गेले असतील किंवा पाळी दोन-दोन महिने येत नसेल, तर पाळीच्या हिशेबात वेळ घालवू नये, सरळ लवकर सोनोग्राफी करावी. संबंध कधी आला हे पक्कं आठवत असलं तरी त्यावरून नेमका दिवस निघत नाही, कारण शुक्रजंतू आत पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात.

टेस्ट ट्यूब पद्धतीने गर्भ राहिला असेल तर अंदाजाचा प्रश्नच नाही. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर सोडल्याच्या तारखेत २६१ दिवस मिळवायचे, तीन दिवसांचा असेल तर २६३. ही तारीख कुठल्याही सोनोग्राफीने बदलत नाही. जुळं असेल आणि दोघांची लांबी वेगळी भरली, तर मोठ्या बाळाच्या मापावरून तारीख धरतात. आणि पहिली सोनोग्राफीच २२ आठवड्यांनंतर झाली असेल तर ती तारीख कच्ची मानून डॉक्टर तीन-चार आठवड्यांनी वाढ पुन्हा बघतात. पोटावर टेप लावून ओटीपोटाच्या हाडापासून मोजलेली उंची २४ आठवड्यांनंतर साधारण आठवड्यांच्या आकड्याइतकी सेंटिमीटर असते, पण त्यात दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे होतं. पहिली हालचाल पहिल्या खेपेला १८ ते २० आठवड्यांत जाणवते. ही दोन्ही टेकूपुरती, त्यांवर तारीख उभी करू नये.

तर ताई, फाइलच्या पहिल्या पानावर ठळक लिहून घ्या : ‘प्रसूतीची तारीख २५ ऑक्टोबर, १८ मार्चच्या सोनोग्राफीवरून, सी.आर.एल. १९ मि.मी.’ खाली डॉक्टरांची सही मागा आणि मार्चच्या मूळ रिपोर्टची प्रत त्याच पानामागे लावा. आडवेळी दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं, तर तिथल्या माणसाच्या हाती आधी हेच पान पडायला हवं. पुढच्या सोनोग्राफीला टेबलावर झोपायच्या आधीच सांगा, की १० जानेवारी टाकू नका, तारीख २५ ऑक्टोबर टाका. ॲपमध्येही तीच भरा, म्हणजे त्याचे आठवडे फाइलशी जुळतील.

हालचाल नेहमीपेक्षा कमी झाली, पाणी गेलं, रक्त गेलं, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा ४ ऑक्टोबरच्या आधी ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, तर तारीख कितीही लांब असो, त्याच वेळी दवाखाना गाठा. आणि पर्सेंटाइलचा प्रश्न पुढच्या तपासणीपर्यंत ठेवू नका, या आठवड्यातच विचारा.